संगमरवराचा चितारी

साल १८६१. बेल्जियममधील अँटवर्प शहरात हेन्री लेस या नामांकित इतिहास-चित्रकाराच्या कार्यशाळेत पंचविशीचा एक सहायक आपल्या पहिल्या मोठ्या चित्रावर अखेरचा हात फिरवत होता. विषय फ्रँक राजघराण्यातील होता. राजा क्लोव्हिसची राणी क्लोटिल्ड आपल्या कोवळ्या मुलांना कुऱ्हाडफेकीचे शिक्षण देववीत आहे. पुढे त्यांच्याकडून तिला आपल्या पित्याच्या हत्येचा सूड उगवून घ्यायचा आहे. गुरूने चित्र न्याहाळले, रचनेबद्दल समाधान व्यक्त केले आणि जाता जाता सांगितले, की यातला संगमरवर मात्र चीजसारखा दिसतो.

लेसच्या या शेऱ्याने लॉरेन्स अल्मा-टाडेमाचे आयुष्य बदलले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढली ५० वर्षे तो दगड रंगवत राहिला. ग्रीक देवळांचे खांब, रोमन स्नानगृहांच्या पायऱ्या, समुद्राकाठची अर्धवर्तुळाकार आसने, शतकानुशतकांच्या वावराने गुळगुळीत झालेले उंबरे असे सारे त्याच्या कुंचल्यातून उतरले. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील लोक प्राचीन जगाचा दगड डोळ्यांसमोर आणत, तेव्हा तो बहुतेक वेळा टाडेमाने रंगवलेला दगड असे. त्याच्या नावावर आणि संगमरवरावर कोट्या करण्याचा छंद लंडनच्या विनोदी साप्ताहिकांनाही जडला होता.

दगडाचा हा एवढा मोठा चितारी जन्मला मात्र दगडच नसलेल्या प्रदेशात. नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रीसलँड हा प्रांत म्हणजे चिखलमातीची सपाट, समुद्रालगतची भूमी. तिथली घरे विटांची, देवळेही विटांची. द्रोनरेप नावाच्या गावात ८ जानेवारी १८३६ रोजी त्याचा जन्म झाला. वडील पीटर टाडेमा गावचे नोटरी होते. लॉरेन्स चार वर्षांचा असतानाच ते निवर्तले आणि मुलांचा सारा भार आई हिंके हिच्यावर पडला. मुलांच्या शिक्षणात चित्रकलेचे धडे असलेच पाहिजेत, हा तिचा आग्रह होता. तरीही मुलाने वकील व्हावे, असेच घरात ठरले होते. कायदा की कुंचला या ओढाताणीत पंधराव्या वर्षी त्याची प्रकृती पार ढासळली. डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले आणि मुलगा फार दिवसांचा सोबती नसल्याचे सांगितले. उरलेले दिवस तरी त्याने मनासारखे घालवावेत, म्हणून घरच्यांनी त्याला चित्रे काढू दिली. मुलगा बरा झाला. १८५२ मध्ये तो अँटवर्पच्या रॉयल अकादमीत दाखल झाला, तेव्हा वकिलीचा विषय कायमचा संपलेला होता.

नावातील अल्मा हा शब्द मूळ आडनावाचा भाग नव्हता. ते त्याचे मधले नाव होते. पुढे ते आडनावाला जोडून टाकल्याने प्रदर्शनांच्या सूचीत ‘टी’ऐवजी ‘ए’ अक्षराखाली, म्हणजे अगदी आरंभी त्याची नोंद होऊ लागली. माणूस कलावंत होता. पण बाजार कसा चालतो, याचेही त्याला पक्के भान होते.

संगमरवर या वस्तूचा पहिला खरा ठसा त्याच्या मनावर उमटला तो कोणत्याही देवळात नव्हे. १८५८ च्या सुमारास गेंट शहरातील एका क्लबच्या धूम्रपानाच्या दालनात त्याने संगमरवराने मढवलेल्या भिंती पाहिल्या. लेसचा शेरा ऐकला त्या वेळी त्याच्या गाठीशी होते ते जवळपास तेवढेच. इटली त्याने अजून पाहिलेली नव्हती. तो योग आला १८६३ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत आई गेली आणि सप्टेंबरात पोलिन ग्रेसाँ या तरुणीशी त्याचा विवाह झाला. मधुचंद्रासाठी जोडपे फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स असे फिरत पाँपेईला पोहोचले. जुझेप्पे फियोरेल्लीने त्याच वर्षी तिथल्या उत्खननाची सूत्रे हाती घेतली होती आणि राखेखाली गाडलेले शहर पद्धतशीरपणे उलगडू लागले होते. त्या प्रवासातील एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात हा नवरदेव सॅलस्टच्या घराच्या अवशेषांत मोजपट्टी घेऊन मापे काढण्यात गुंतलेला दिसतो. पोलिनला हा मधुचंद्र कसा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

परतल्यावर नशीब दार ठोठावत आले, तेही चुकून. अर्नेस्ट गँबार हा त्या काळातील युरोपातला बडा चित्रविक्रेता. १८६४ मध्ये तो अँटवर्पला दुसऱ्याच एका चित्रकाराच्या भेटीस निघाला होता. टाडेमाच्या हितचिंतकांनी गाडीवानाला फितवून त्याची बग्गी टाडेमाच्या दारात आणून उभी केली, अशी आठवण सांगितली जाते. गँबारने फळ्यावरचे चित्र पाहिले आणि एकदम २४ चित्रांची मागणी नोंदवली. ती पुरी झाल्यावर आणखी ४८ चित्रांची मागणी आली. १८६५ मध्ये टाडेमा ब्रसेल्सला राहायला गेला. मध्ययुगीन राजेराण्या मागे पडत गेल्या आणि त्यांच्या जागी ग्रीक व रोमन माणसे येऊ लागली.

ब्रसेल्सच्याच मुक्कामात, १८६८ मध्ये, त्याने लाकडी फळीवर एक चित्र रंगवले. रुंदी जेमतेम सव्वा मीटरच्या आत. आज ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयाच्या मालकीचे आहे. टाडेमाच्या ४०० हून अधिक कृतींतून एकच निवडायची झाली, तर गुलाबांच्या पाकळ्यांत गुदमरणाऱ्या पाहुण्यांचे त्याचे सर्वांत लोकप्रिय चित्र बाजूला ठेवून हेच निवडावे लागेल. चित्राचा विषय आहे पार्थेनॉनचा शिल्पपट्ट आपल्या मित्रांना दाखवणारा शिल्पकार फिडियास.

अथेन्सच्या टेकडीवरील पार्थेनॉन हे देवालय इसवी सनपूर्व ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले. त्याच्या गाभाऱ्याच्या भिंतीवर, बाहेरच्या खांबांच्या आड, चहूबाजूंनी सुमारे १६० मीटर लांबीचा आणि एक मीटर उंचीचा उठावशिल्पांचा पट्टा होता. घोडेस्वार, रथ, बळीची जनावरे, पाण्याचे घडे वाहणारे तरुण अशी अथेनादेवीच्या उत्सवाची मिरवणूक त्यावर कोरलेली होती. हा पट्टा जमिनीपासून इतका उंच, सुमारे १२ मीटरवर होता, की खालून पाहणाऱ्याला मान मोडेपर्यंत वर करावी लागे. प्रकाशही थेट पडत नसे, तो खालच्या फरशीवरून परावर्तित होऊन वर जाई. म्हणून कोरणाऱ्यांनी आकृत्यांचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा अधिक उठावाचा ठेवला. डोके आणि खांदे दगडातून जास्त बाहेर, पाय कमी. दगड आणला होता १६ किलोमीटरवरील पेंटेली डोंगरातून. त्या संगमरवरात लोहाचा किंचित अंश असल्याने हवापाण्याने त्यावर कालांतराने मधासारखी पिवळसर छटा चढते.

टाडेमाने काय केले, तर पाहणाऱ्याला थेट परांचीवर नेऊन उभे केले. शिल्पपट्ट चित्रात डोळ्यांच्या पातळीवर आहे. काम संपत आले आहे, पण फळ्या अजून काढलेल्या नाहीत. फळ्यांच्या फटींतून खालची खोली जाणवते आणि पोटात क्षणभर गोळा येतो. दोरखंड लावून अडवलेल्या जागेत, हातात आराखड्याची गुंडाळी घेऊन फिडियास उभा आहे. समोर पेरिक्लिस आणि त्याची सहचरी अस्पेशिया. एका बाजूला तरुण अल्सिबायडिस आणि त्याच्यासोबत सॉक्रेटिस, जो परंपरेनुसार पाथरवटाचाच मुलगा. थोडक्यात, आजच्या भाषेत हा खास निमंत्रितांसाठीचा पूर्वदर्शन सोहळा आहे. लंडन-ब्रसेल्सच्या चित्रदालनांत असे सोहळे टाडेमाने पुष्कळ पाहिले होते.

चित्रातील खरा धक्का मात्र शिल्पांचा आहे. ती पांढरी नाहीत. पार्श्वभूमी गडद निळी, स्वारांची कांती तांबूस तपकिरी, घोडे निरनिराळ्या वर्णांचे.

१८६८ मध्ये हे धारिष्ट्याचे होते. ग्रीक शिल्प म्हणजे निष्कलंक शुभ्रता, हा समज युरोपच्या सुशिक्षित वर्गात शंभर वर्षांपासून घट्ट रुजलेला होता. प्राचीन मूर्ती रंगवलेल्या असत, हे अभ्यासकांना ठाऊक झाले होते. पण ते पचवणे जड जात होते. ओवेन जोन्सने १८५४ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये पार्थेनॉनच्या पट्ट्याची प्रतिकृती रंगवून मांडली, तेव्हा गदारोळ झाला. जॉन गिब्सन या शिल्पकाराने आपल्या व्हीनसच्या मूर्तीला हलकासा देहवर्ण दिला, ती १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ठेवली गेली आणि पुन्हा वाद उसळला. त्याच वर्षी टाडेमा लंडनला गेला होता. लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून आणलेली पार्थेनॉनची शिल्पे त्याने ब्रिटिश म्युझियममध्ये प्रत्यक्ष पाहिली. तिथे होती ती रंग उडालेली शिल्पे. सहा वर्षांनी त्याने रंगवली ती मात्र काम नुकतेच हातावेगळे झालेली, ताजी शिल्पे.

एक गोष्ट मात्र या चित्रात शोधूनही सापडत नाही. छिन्नी-हातोडा हाती असलेला पाथरवट. पट्टा एका माणसाच्या हातचा नव्हता, त्यामागे अनेक हात होते. पार्थेनॉनच्या बांधकामाचा हिशेब संगमरवराच्या फलकांवर कोरून ठेवलेला होता आणि त्याचे तुकडे आज उपलब्ध आहेत. पेंटेलीच्या खाणीतील कामगार, दगड वाहून आणणारे, मूर्ती घडवणारे यांच्यावरील खर्चाच्या नोंदी त्यांत आढळतात. शेजारच्याच एरेक्थिऑन या देवालयाच्या काही वर्षांनंतरच्या हिशेबात तर माणसांची नावेही आहेत. खांबांवर पन्हळी कोरणाऱ्यांत अथेन्सचे नागरिक होते, बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते आणि गुलामही होते. दिवसाची मजुरी प्रत्येकाला एक द्राख्मा, दर सारखाच. तिथल्या पट्ट्यातील एक आकृती कोरून देण्याचा मोबदला ६० द्राख्मा होता. टाडेमाच्या परांचीवर हे लोक नाहीत. पाहुणे येणार म्हणून त्यांना बहुधा आधीच खाली उतरवले असावे.

या चित्रानंतर वर्षभरातच घरावर आघात झाला. पहिला मुलगा तान्हा असतानाच देवीने दगावला होता. २८ मे १८६९ रोजी त्याच रोगाने पोलिनही गेली. तिचे वय अवघे ३२ होते. मागे लॉरेन्स आणि ॲना या दोन लहान मुली. सुमारे चार महिने टाडेमाने कुंचला हातात घेतला नाही. त्याची स्वतःची प्रकृतीही बिघडली. ब्रसेल्सच्या डॉक्टरांना निदान होईना, तेव्हा गँबारच्या सल्ल्याने तो डिसेंबरात लंडनला गेला. तिथे फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन या चित्रकाराच्या घरी लॉरा एप्स ही सतरा वर्षांची मुलगी त्याच्या दृष्टीस पडली. पुढच्या वर्षी फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले. युरोपातील चित्रबाजार कोसळण्याची चिन्हे होती आणि लंडनमध्ये तर लॉरा होती. सप्टेंबर १८७० मध्ये मुली आणि बहीण आर्त्ये यांच्यासह तो कायमचा लंडनला आला. लॉराला चित्रकला शिकवता शिकवता त्याने तिला मागणी घातली. वयातील अंतर पाहून तिचे वडील आधी नाखूश होते. अखेर जुलै १८७१ मध्ये विवाह झाला. लॉरा पुढे स्वतः मान्यवर चित्रकार झाली आणि दोन्ही सावत्र मुलींना तिने मायेने वाढवले.

लंडनने टाडेमाला सर्व काही दिले. १८७६ मध्ये तो रॉयल अकादमीचा सहसदस्य झाला, १८७९ मध्ये पूर्ण सदस्य. रीजंट्स पार्कजवळच्या त्याच्या घराच्या खोल्या पाँपेईच्या धर्तीवर सजलेल्या होत्या. ऑक्टोबर १८७४ मध्ये जवळच्या कालव्यात दारूगोळा आणि पेट्रोलियम नेणाऱ्या नौकेचा स्फोट होऊन या घराचे प्रचंड नुकसान झाले. त्याने ते आधीपेक्षा थाटात पुन्हा उभारले. पुढे ग्रोव्ह एंड रोडवर तो याहून मोठ्या वास्तूत गेला. तिथल्या चित्रशाळेच्या घुमटाला आतून ॲल्युमिनियमचा मुलामा होता. त्यावरून पसरणारा रुपेरी प्रकाश त्याच्या त्यानंतरच्या चित्रांतील दगडावर स्पष्ट उतरलेला दिसतो. आधीच्या चित्रांतील संगमरवर काहीसा उबदार, सावलीतला आहे. नंतरचा उघड्या आकाशाखाली, समुद्रावरून येणाऱ्या उजेडात न्हालेला.

हा दगड इतका खरा का वाटतो, याचे उत्तर कष्टात आहे. टाडेमाकडे प्राचीन वास्तू, मूर्ती, भांडी, शिलालेख यांची छायाचित्रे आणि रेखाटने यांचे १६० हून अधिक खंड होते. विषयवार लावलेला हा संग्रह आज बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. १८७५-७६ चा हिवाळा त्याने रोममध्ये काढला आणि १८८३ मध्ये पुन्हा रोम व पाँपेई गाठून रोज अवशेषांचा अभ्यास केला. प्रत्येक दगडाचा स्वभाव त्याला वेगळा ठाऊक होता. नुमिडियाचा पिवळा, युबिया बेटाचा हिरवट पट्ट्यांचा, इजिप्तचा जांभळा पोर्फिरी यांच्या शिरा तो एकमेकींत मिसळू देत नसे. पायऱ्यांच्या कडा कुठे बोथट होतात, लोखंडी खिळ्याभोवती तांबेऱ्याचा डाग कसा ओघळतो, उन्हाने तापलेल्या आसनावर माणूस कसा सैलावतो, हे सारे त्याच्या चित्रांत नोंदलेले आहे. मनासारखे झाले नाही तर महिनोन्‌महिन्यांचे काम टाकून देण्याची तयारीही होती. १८८५ मध्ये प्लेटोवरील एका चित्रावर त्याने आठ महिने घालवले, ते बाजूला सारले आणि दोन महिन्यांत होमरचे काव्यवाचन ऐकणाऱ्या श्रोत्यांचे चित्र पूर्ण केले. अर्धवर्तुळाकार संगमरवरी आसन आणि मागे निळा समुद्र. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातील हे चित्र पाहताना आसनाचा गारवा हाताला जाणवतो. त्यावरची माणसे मात्र तितकी जिवंत नाहीत, हेही मान्य करावे लागते.

दगडाच्या व्यवहाराची जाणीव त्याला नव्हती, असे नाही. १८७४ च्या ‘शिल्पदालन’ या चित्रात रोमन शिल्पविक्रेत्याचे दुकान आहे. गाजलेल्या मूर्ती भोवताली मांडलेल्या. मधोमध काळ्या दगडाचे एक भलेमोठे घडीव पात्र आणि ते गिऱ्हाइकांसमोर फिरवून दाखवणारा गुलाम. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या संग्रहालयात असलेल्या या चित्राची जोडीदार कृती म्हणजे चित्रांच्या दुकानाचे दृश्य. त्यातील विक्रेत्याला खुद्द गँबारचा चेहरा दिला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची गिऱ्हाइके आणि लंडनमधील आपली गिऱ्हाइके यांत त्याला फारसा फरक दिसत नसावा. फिडियासच्या चित्रात नसलेला श्रमिक इथे आला खरा, पण दगड दाखवण्यासाठी, घडवण्यासाठी नाही.

घडवण्याच्या वाटेवर त्याने १८७७ मध्ये एक पाऊल टाकले. तीन वर्षांपूर्वी रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर व्हीनसची मूर्ती सापडली होती. ती घडत असतानाचा क्षण त्याने कल्पनेने रंगवला. पुढे नग्न तरुणी, मागे शिल्पकार. पुढील वर्षी अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र झळकले आणि कार्लाइलच्या बिशपने नापसंती कळवली. प्राचीन मूर्तीची नग्नता खपून जाते, पण हयात चित्रकाराने जिवंत स्त्री इतक्या हुबेहूब दाखवणे घातक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दगड चालेल, देह नको, असाच हा न्याय.

अधिक गंभीर आक्षेप आला तो जॉन रस्किनकडून. १८८३ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत रस्किनने टाडेमाच्या तंत्राला दाद दिली. मात्र त्याच्या चित्रांत सदैव सांजसावट असते आणि माणसे रेललेली, पेंगुळलेली असतात, असे सुनावले. या टीकेमागे रस्किनचा जुना विचार होता. व्हेनिसच्या वास्तूंवरील ग्रंथात त्याने ३० वर्षांपूर्वी मांडले होते, की ज्या दगडी कामात कुठेही चूक नाही, प्रत्येक कड सारखीच घोटलेली आहे, ते काम कारागिराला यंत्र बनवून, त्याला गुलाम करूनच मिळते. रोमन संगमरवराची आरशासारखी झिलई कशी येई, हे पाहिले की या विचाराचे वजन कळते. दात नसलेली करवत, तिच्याखाली वाळू आणि पाणी. दगड कापायची ती वाळू, करवत केवळ तिला पुढे-मागे नेई. मग नॅक्सोस बेटावरच्या कुरुंद दगडाने दिवसच्या दिवस घासणे. टाडेमाच्या चित्रांत ती झिलई आहे. ती वाळू, तो चिखल आणि ती पाठ मोडणारी माणसे नाहीत. त्याची चित्रे विकत घेणाऱ्या कारखानदार आणि ठेकेदारांनाही त्यांची उणीव भासण्याचे कारण नव्हते.

आणखी एक विसंगती यापेक्षा बोचरी आहे. ग्रीक शिल्प रंगीत होते, हे इतक्या ठामपणे दाखवणारा हा चित्रकार पुढे शुभ्र संगमरवराचा सम्राट म्हणून ओळखला गेला. नंतरच्या चित्रांत तो रंगीत पट्टा तशा जोमाने परतला नाही. गिऱ्हाईक शुभ्रतेला भुलत होते आणि शुभ्रता रंगवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हते. ज्या समजाला त्याने तरुणपणी तडा दिला, तो त्याच्याच लोकप्रियतेने पुन्हा सांधला गेला, असे म्हणण्यास जागा आहे.

मानसन्मान येतच राहिले. १८८२-८३ च्या हिवाळ्यात ग्रोव्हनर गॅलरीत त्याची १८५ चित्रे एकत्र मांडली गेली. १८९९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, १९०५ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. १९०६ मध्ये तर ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने आपले सुवर्णपदक या चित्रकाराला दिले. वास्तू उभारणे हा ज्याचा व्यवसायच नाही, त्याला हा मान मिळाला तो त्याने कॅनव्हासवर बांधलेल्या इमारतींसाठी. हिशेबीपणा उतारवयातही कायम होता. १९०७ च्या ‘कॅराकॅला आणि गेटा’ या चित्रात कलोसियमचा एक भाग आहे. त्यात त्याने सुमारे २,५०० प्रेक्षक रंगवले. तितकेच खांब आणि माळांच्या आड लपलेले धरले. ही बेरीज ५,००० आणि संपूर्ण कलोसियमची क्षमता त्याच्या अंदाजाने ३५,००० म्हणून चित्रातील भाग एकसप्तमांश!

१९०९ मध्ये लॉरा गेली आणि टाडेमा खचला. प्रत्येक चित्रावर रोमन आकड्यांत अनुक्रमांक घालण्याची त्याची रीत होती, जेणेकरून नकली चित्रे सहज उघडी पडावीत. १९१२ मध्ये पूर्ण केलेल्या शेवटच्या चित्राचा क्रमांक ४०८ आणि विषय पुन्हा कलोसियमच. त्याच वर्षी जूनमध्ये पोटाच्या व्रणावर उपचार घेण्यासाठी मुलगी ॲनासोबत तो जर्मनीतील वीस्बाडेन येथे गेला होता. तिथेच त्याचे निधन झाले. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या तळघरात त्याला पुरले आहे.

पुढील वर्षी अकादमीने त्याच्या स्मृत्यर्थ प्रदर्शन भरवले. त्या निमित्ताने रॉजर फ्राय या नव्या पिढीच्या समीक्षकाने त्याचे वाभाडे काढले. टाडेमाच्या रोममधील सामानसुमान, वस्त्रे आणि ती संगमरवरी आसनेसुद्धा सुवासिक साबणासारख्या कशाची तरी बनलेली वाटतात, असा त्याचा एकंदर सूर होता. चीजपासून सुरू झालेला प्रवास साबणापाशी येऊन थांबला. नव्या कलाविचारापुढे त्याची किंमत धडाधड कोसळली, आणि हे शब्दशः खरे आहे. ‘मोझेसचा शोध’ हे चित्र अस्वान धरणाचे ठेकेदार सर जॉन एअर्ड यांनी १९०४ मध्ये ५,२५० पौंडांना घेतले होते. १९४२ मध्ये ते २६५ पौंडांना गेले. १९६० मध्ये लिलावात त्याला अपेक्षित बोली मिळेना. न्यूयॉर्कमधील चित्रवाणी निर्माता ॲलन फंट याने त्या पडत्या काळात टाडेमाची ३५ चित्रे जमवली. १९७३ मध्ये ती मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मांडली गेली. पण हिशेबनिसाने फसवल्यामुळे फंटला त्याच वर्षी सारा संग्रह विकावा लागला. वारे फिरले ते त्यानंतर. १९९५ मध्ये ‘मोझेसचा शोध’ला २८ लाख डॉलर मिळाले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये तब्बल ३ कोटी ५९ लाख.

समीक्षकांनी त्याला मोडीत काढले होते, त्या मधल्या काळात त्याचे रोम तगून राहिले ते सिनेमात. सेसिल बी. डेमिल आपल्या नेपथ्यकारांपुढे टाडेमाच्या चित्रांच्या प्रती पसरून आपल्याला काय हवे ते दाखवत असे. २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’पर्यंत ही परंपरा पोहोचली. चित्रगृहात बसून कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र, भव्य दगडी रोमची मुळे सेंट जॉन्स वुडमधील रुपेरी घुमटाखालच्या चित्रशाळेत आहेत.

पार्थेनॉनच्या मूळ दगडांचे काय झाले, हेही सांगायला हवे. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये नव्या दालनाची तयारी सुरू असताना ही शिल्पे अधिक पांढरी दिसावीत, म्हणून तांब्याची हत्यारे आणि कार्बोरंडम वापरून काही ठिकाणी ती चक्क खरवडली गेली. मधासारखा पिवळसर थर पुष्कळ ठिकाणी कायमचा गेला. एवढे होऊनही रंग पुरता पुसला गेला नव्हता. इजिप्शियन निळा हे प्राचीन रंगद्रव्य विशिष्ट प्रकाश टाकला असता अवरक्त किरणांत चमकते. या गुणाचा उपयोग करून संशोधकांना २००९ मध्ये पार्थेनॉनच्या मूर्तींवर त्याचे सूक्ष्म कण आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक विस्तृत अभ्यासात छपराखालच्या त्रिकोणातील ११ शिल्पांवर आणि शिल्पपट्टातील एका आकृतीवर रंगाचे अवशेष असल्याचे नोंदवले गेले. फिडियासच्या परांचीवरील ते निळे चित्र रंगवून झाल्याला तोपर्यंत १५५ वर्षे लोटली होती.